बारावं नाव

राजेशम गुंडेटी छापखान्यात आला
हिशेबाची जाड वही छातीशी धरून;
मागल्या पानांवर अजून सुताची देणी-येणी.
म्हणाला, महाकाव्य आहे. बारा सर्ग.
नायक कोण?
बसलिंगप्पा हत्तुरे.

मी खिळ्यांची पेटी सरकवून बंद केली.

बसलिंगप्पा म्हणजे गिरणीतला जॉबर.
संपाच्या एकेचाळिसाव्या रात्री
मालकाच्या बंगल्यावर अकरा नावं पोचवणारा.
आमच्या साखर पेठेत पोरानं चहाडी केली
तर आई अजून म्हणते, हत्तुऱ्या झालास का बे?
अकरांत राजेशमचा बाप होता.
बाप सुटला, पण उजवा कान आतच राहिला.

वडलांना काय वाटेल रे तुझ्या?
त्यांना ऐकू येत नाही, तो म्हणाला,
आणि हसला नाही.

पानामागे दर ठरला. पोट आहे. जुळवायला बसलो.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं.
चाळीस वर्षं आरशातलं वाचतोय,
माणूसही मला आधी उलटाच दिसतो,
कागदावर दाबल्याशिवाय कळत नाही.

नगरवर्णन होतं: भोंगे,
आणि रंगाच्या हौदांनी कधी लाल कधी निळा होणारा ओढा.
ऋतुवर्णनाला सहा ऋतू लागतात,
सोलापुरात आणायचे कुठून?
त्यानं सहाही उन्हाचेच लिहिले.
शस्त्रांच्या जागी धोटे, फण्या, कांड्या.
मंगळवारी माझा ख संपला.
खल, खोटं, दुःख, सगळं अडलं;
पुण्याहून खिळे येईतो दोन दिवस
नुसता नायक जुळवत बसलो.

सातव्या सर्गात ती रात्र:

कडी हळूच काढिली । कुत्री ओळखून निजली ।
बोटे मात्र न निजली । पहाटवरी ॥

कशासाठी केलं त्यानं, ते का नाही लिहिलंस?
राजेशम म्हणाला, कारण लिहिलं की तो सुटतो.
मला त्याला सोडवायचं नाही.
सोबत करायची आहे.

बारावा सर्ग कोरा होता. मरणाचा.
माणूस जिवंत आहे अजून, म्हणाला,
मी कसा मारू?

तर प्रुफं घेऊन मीच गेलो,
बाळ्याला, रुळांपलीकडे.
शेंगा फोडता फोडता वाचलं त्यानं,
ओळीखाली बोट, तोंडात कानडी हेल.
सिंह आला, वटवृक्ष आला, वादळातला दिवा आला,
बोट कुठं अडखळलं नाही.
आठव्या सर्गात थांबलं.
पेन्सिल मागितली.

अकरा न्हाईत की. बारा.
कांड्या भरायचं एक पोरगं हुतं. शब्बीर.
चौदा वर्षांचं.
भिवंडीला पळालं म्हणतेत समदे.
पळालं न्हाई.

फोलपटं झटकली धोतरावरची.
हे घाला. न्हाईतर छापू नका.

मी परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चाललो,
बसायचं सुचलंच नाही.

राजेशम रात्रभर अक्षरं मोजत राहिला.
शब्बीर कांडीवाला कुठल्याच चरणात मावेना;
इकडे ओढलं तर यमक तुटे,
तिकडे ओढलं तर पोरगं वयानं मोठं होई.
पहाटे त्यानं वही मिटली.
बाराव्या सर्गात ती एकच ओळ राहिली,
लंगडी, ओवी नसलेली.

तीनशे प्रती. शिलाई, पुठ्ठा, खळ.
पहिली प्रत घेऊन तो विजापूर वेशीकडे गेला,
जिथं एक म्हातारी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळते
आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते,
भिवंडीची गाडी आली का?
तिला वाचता येत नाही.
त्याला वाचून दाखवावं लागणार होतं.

मी खिळे सोडवायला घेतले.
अकराही सर्ग आपापल्या घरात परत गेले,
ख खच्या खणात, न नच्या.
तेवढी एक ओळ सुतळीनं बांधून
फळीवर ठेवली आहे.
उलटी.